‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो’ हे बायबलमध्ये नाही

अंत्यविधीला, आयसीयूच्या दाराशी हे वाक्य हमखास कानावर पडतं. आधार म्हणून १ करिंथ १०:१३ सांगतात, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन. पण तो अध्याय रानातल्या इस्राएलांची मूर्तिपूजा आणि कुरकुर आठवून मोहाबद्दल बोलतो. आजारपण-मृत्यूचं वजनमाप तिथे नाही. उलट २ करिंथ १:८ मध्ये पौलच लिहितो की आशियात (आजच्या तुर्कस्तानातला तेव्हाचा रोमन प्रांत) शक्तीपलीकडचा भार आला, जगण्याची आशाच सुटली.

या वाक्याने होतं काय, तर ‘मला झेपायलाच हवं’ म्हणत माणूस प्रार्थनेतही रडणं गिळतो. बायबलमधलं स्तोत्र १३ उघडा: सहाच वचनं. पहिल्या दोनांत चार वेळा ‘कुठवर?’, पुढच्या दोनांत मागणं, भरवसा शेवटी. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. तीही प्रार्थनाच.