स्प्रिंगफील्डचे लाकडी वीजकेंद्र आणि दम्याने त्रस्त शहराचा विरोध : पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड शहरात लाकडावर चालणारे ३५ मेगावॅट क्षमतेचे वीजकेंद्र उभारण्याचा प्रस्ताव २००८ मध्ये पुढे आला आणि २ एप्रिल २०२१ रोजी राज्याच्या पर्यावरण संरक्षण विभागाने त्याची हवाविषयक मंजुरी रद्द केली. मधल्या तेरा वर्षांत हे प्रकरण शहर परिषद, राज्य सरकारची दोन खाती, विधिमंडळ आणि न्यायालये यांच्यापुढे फिरत राहिले. धुराड्यातून काय बाहेर पडेल, हा वादाचा एक भाग होता. त्याहून मोठा प्रश्न असा होता की, जिथे हा धूर पसरणार तिथल्या माणसांची प्रकृती आज कशी आहे, हे परवाना देणाऱ्याने विचारात घ्यायचे की नाही. २०११ मध्ये या प्रश्नाला मिळालेले उत्तर आणि २०२१ मध्ये मिळालेले उत्तर यांत जो फरक पडला, त्याचा इतिहास येथे मांडला आहे.

स्प्रिंगफील्ड हे कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातले, सुमारे दीड लाख वस्तीचे जुने औद्योगिक शहर आहे. अमेरिकी सैन्याला बंदुका पुरवणारा तिथला सरकारी शस्त्र कारखाना १९६८ मध्ये बंद झाला, आणि पेज बुलेव्हार्डवरील वेस्टिंगहाऊसचा प्रचंड कारखाना १९७० मध्ये. रोजगार गेले, पण महामार्ग, मालवाहतूक, जुनी ओलसर घरे आणि खोऱ्यात कोंडून राहणारी हवा मागे राहिली. नदीपलीकडच्या आगवाममध्ये कचरा जाळून वीज करणारे केंद्र १९८० च्या दशकापासून होते, तर उत्तरेला होल्योक येथे माउंट टॉम हे कोळशाचे वीजकेंद्र होते. शहराच्या लोकसंख्येत लॅटिनो कुटुंबांचा, त्यांतही पोर्तो रिकोहून आलेल्यांचा वाटा मोठा आहे. उत्पन्न राज्याच्या सरासरीहून बरेच कमी आहे आणि मुलांमधील दम्याचे प्रमाण राज्यात सर्वाधिक असलेल्या शहरांत स्प्रिंगफील्डचे नाव दीर्घकाळ घेतले जाते. नव्या वीजकेंद्रासाठी निवडलेली जागा शहराच्या पूर्व भागात, त्याच पेज बुलेव्हार्डवर, डांबरी खडी तयार करणाऱ्या एका कंपनीच्या आवारात होती आणि तिच्या आसपास दाट वस्ती होती.

लाकूड जाळून केलेली वीज ‘हरित’ ठरली कशी, हे समजून घेतल्याशिवाय हा प्रस्ताव मुळात का आला ते कळत नाही. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकी काँग्रेसने १९७८ मध्ये असा कायदा केला की, छोट्या आणि अपारंपरिक उत्पादकांची वीज विकत घेणे वीज कंपन्यांना बंधनकारक झाले. अमेरिकेच्या ईशान्य भागातील, जंगलांनी व्यापलेल्या न्यू इंग्लंडमध्ये याचा फायदा लाकडी केंद्रांना मिळाला. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे ५० मेगावॅटचे मॅकनील केंद्र १९८४ मध्ये सुरू झाले. लाकडाचा कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो आणि नवे झाड तो पुन्हा शोषून घेते, म्हणून हे इंधन ‘कार्बन-तटस्थ’ आहे, असा तेव्हाचा सर्वमान्य समज होता. मॅसॅच्युसेट्सने १९९७ मध्ये वीजक्षेत्राची फेररचना करताना नवीकरणीय ऊर्जेचा ठरावीक हिस्सा खरेदी करण्याचे बंधन घातले. त्या बंधनाच्या पूर्ततेसाठी वीज कंपन्या जी प्रमाणपत्रे विकत घेतात, त्यांच्या पैशावर अशा केंद्रांचा ताळेबंद उभा राहतो. त्यामुळे ‘नवीकरणीय’ हा शिक्का मिळणे हीच प्रकल्पाची आर्थिक जीवनरेखा होती, आणि पुढे विरोधकांनी नेमके तेच ओळखले.

महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर बायोमास म्हटले की साखर कारखान्यातील बगॅसवरची सहवीजनिर्मिती येते. तिथे इंधन कारखान्याच्या आवारातच तयार होते आणि वाफ साखर करण्यासाठीही वापरली जाते. स्प्रिंगफील्डचा प्रकार वेगळा होता. लाकडाचे तुकडे ट्रकने दुरून आणायचे, बॉयलरमध्ये जाळायचे आणि केवळ वीज तयार करायची. ओलसर लाकडावर चालणाऱ्या अशा केंद्रांची कार्यक्षमता साधारण पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे इंधनातील तीन चतुर्थांश उष्णता वाया जाते, आणि प्रत्येक युनिट विजेमागे धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या केंद्राहूनही अधिक भरतो.

शहर परिषदेने २००८ मध्ये या प्रकल्पाला विशेष परवाना दिला, तेव्हा इंधन म्हणून पाडकाम आणि बांधकामातून निघालेले लाकूड वापरण्याचे ठरले होते. हा तपशील पुढच्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे. जुन्या घरांच्या लाकडावर शिसेयुक्त रंग असतो. अंगणातील कठडे, ओटे यांसारख्या उघड्यावरच्या कामांसाठी अमेरिकेत अनेक दशके तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने प्रक्रिया केलेले लाकूड वापरले गेले, आणि घरगुती वापरासाठी ते बनवणे २००३ च्या अखेरीस थांबले. वर्गीकरण कितीही काटेकोर केले तरी असे काही तुकडे भट्टीत जाणारच, ही रहिवाशांची भीती निराधार म्हणता येणार नाही. विरोध वाढल्यावर, २०१० च्या सुमारास, केंद्र उभारू पाहणाऱ्या कंपनीने हे इंधन सोडून देऊन झाडांच्या छाटणीचे आणि तोडीचे ‘हिरवे’ लाकूड वापरण्याचे जाहीर केले.

विरोधाची सुरुवात वस्तीतून झाली. १९८५ मध्ये स्थापन झालेली ‘अराइज फॉर सोशल जस्टिस’ ही गरीब कुटुंबांच्या निवारा आणि हक्कांसाठी झगडणारी संघटना यात अग्रभागी होती. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या मायकेलअ‍ॅन ब्यूसी यांनी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत हा प्रश्न सोडला नाही. घरभाडे, बेघरपणा आणि मतदार नोंदणी ही कामे करणारे लोक हवेच्या परवान्यांची जाडजूड कागदपत्रे वाचायला बसले, याचे कारण सोपे होते : त्यांच्या सभासदांच्या घरांत इनहेलर होते आणि दम्यामुळे मुलांची शाळा बुडत होती. लवकरच त्यांना वैद्यक क्षेत्राचा आधार मिळाला. राज्यातील डॉक्टरांची सर्वात मोठी संघटना असलेल्या मॅसॅच्युसेट्स मेडिकल सोसायटीने २००९ मध्ये मोठ्या लाकडी वीजकेंद्रांविरुद्ध ठराव केला. अमेरिकन लंग असोसिएशननेही आक्षेप नोंदवले. त्याच काळात पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील ग्रीनफील्ड आणि रसेल येथेही अशीच केंद्रे प्रस्तावित होती आणि तिथेही नागरिक उभे राहिले होते. ती दोन्ही केंद्रे बांधली गेली नाहीत.

डॉक्टरांचा मुख्य आक्षेप २.५ मायक्रॉनहून लहान असलेल्या सूक्ष्म धूलिकणांबद्दल होता. हे कण नाकाघशात अडकत नाहीत. ते फुप्फुसांच्या खोल कोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही मिसळतात. हार्वर्डच्या संशोधकांनी सहा अमेरिकी शहरांतील हजारो लोकांचा वर्षानुवर्षे माग ठेवून १९९३ मध्ये दाखवले होते की, सूक्ष्म कण अधिक असलेल्या शहरांत मृत्यूचे प्रमाणही अधिक असते. त्यानंतर १९९७ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने या कणांसाठी पहिली मर्यादा आखली : वार्षिक सरासरी घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम. ही मर्यादा २०१२ मध्ये १२ वर आली आणि २०२४ मध्ये ९ वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपले मार्गदर्शक मूल्य ५ पर्यंत खाली आणले. स्प्रिंगफील्डच्या केंद्राला २०११ मध्ये परवाना मिळाला तेव्हा १५ ची मर्यादा लागू होती. त्या दिवशी ‘सुरक्षित’ ठरलेली रेषा नंतर दोनदा खाली सरकली, हे ध्यानात ठेवले म्हणजे परवाना मिळाला याचा अर्थ धोका नाही असा घेणे किती घाईचे होते ते समजते.

आरोग्याच्या प्रश्नाला हवामानाच्या प्रश्नाची जोड २०१० मध्ये मिळाली. राज्य सरकारनेच मॅनोमेट सेंटर या संस्थेकडून एक अभ्यास करून घेतला होता. जंगलातील लाकूड जाळल्यावर आधी कार्बनचे ‘कर्ज’ होते आणि झाडे पुन्हा वाढतील तसे ते अनेक वर्षांत फिटते, अशी मांडणी त्यात होती. कोळशाऐवजी लाकडावर वीज केली तर २०५० पर्यंतचे एकूण उत्सर्जन कोळशापेक्षा सुमारे ३ टक्के जास्त राहील, आणि नैसर्गिक वायूशी तुलना केली तर कर्ज फिटायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागेल, असा निष्कर्ष निघाला. वृत्तपत्रांनी याचा सरसकट ‘लाकूड कोळशाहून वाईट’ असा अर्थ लावला, तो बरोबर नव्हता. कोणते लाकूड, किती कार्यक्षमतेने आणि कशाऐवजी जाळले जाते, यावर उत्तर अवलंबून असल्याचे अभ्यासाने स्पष्ट केले होते. तरीही तटस्थतेचा जुना समज त्यानंतर टिकला नाही. २०१२ मध्ये राज्याने नवे नियम केले : प्रमाणपत्राचा निम्मा लाभ हवा असेल तर ५० टक्के कार्यक्षमता आणि पूर्ण लाभासाठी ६० टक्के. केवळ वीज करणाऱ्या लाकडी केंद्राला ही अट पाळणे जवळजवळ अशक्य होते.

दरम्यान शहरात प्रकरण चिघळले होते. मूळ मंजुरी पाडकामाच्या लाकडासाठी होती आणि आता इंधनच बदलले आहे, या मुद्द्यावर शहर परिषदेने मे २०११ मध्ये आपला विशेष परवाना मागे घेतला. पुढच्याच महिन्यात राज्याच्या पर्यावरण संरक्षण विभागाने मात्र हवाविषयक मंजुरी दिली, आणि नागरिकांनी केलेल्या अपिलानंतरही ती कायम ठेवली. विभागाचे म्हणणे कायद्याच्या चौकटीत सुसंगत होते. परिसरातील हवेत आधीच असलेले प्रदूषण आणि केंद्राची भर यांची बेरीज करून ती केंद्रीय मर्यादेखाली राहते असे प्रतिमानाने दाखवले होते, आणि प्रदूषण नियंत्रणाची उपकरणे त्या काळातील उत्तम दर्जाची होती. कंपनीही हेच सांगत होती, शिवाय बांधकामातील रोजगार आणि शहराला मिळणारा कर यांकडे बोट दाखवत होती. कारखाने गमावलेल्या शहरात हा युक्तिवाद हलका नव्हता. पण या बेरजेत हवा येत होती, ती हवा घेणारी माणसे येत नव्हती. निरोगी वस्तीत आणि दम्याने ग्रासलेल्या वस्तीत तीच भर सारखीच धरली जात होती. माझ्या मते स्प्रिंगफील्डच्या नागरिकांच्या तक्रारीचे हे मर्म होते आणि त्यांची तक्रार योग्य होती.

बांधकाम परवान्याचा वाद न्यायालयात गेला. तिथे २०१४ मध्ये लँड कोर्टाने आणि २०१५ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कागदोपत्री कंपनीचा मार्ग मोकळा झाला होता, तरी केंद्र उभे राहिले नाही, कारण २०१२ च्या नियमांमुळे प्रमाणपत्रांचे उत्पन्न मिळणार नव्हते. याच काळात, २०१४ मध्ये, होल्योकचे माउंट टॉम कोळसा केंद्र बंद झाले. एका धुराड्यातून खोऱ्याची सुटका झाली असताना दुसरे कशाला, असा प्रश्न आता सहज विचारला जाऊ लागला. २०१८ मध्ये अस्थमा अँड अ‍ॅलर्जी फाउंडेशन ऑफ अमेरिकाने दम्याचे प्रमाण, तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात जाण्याचे प्रसंग आणि दम्याने होणारे मृत्यू यांच्या आधारे देशातील शहरांची क्रमवारी लावली, तेव्हा स्प्रिंगफील्ड पहिले आले. २०१९ मध्येही तेच घडले. रहिवासी दहा वर्षे जे सांगत होते, त्याला ‘दम्याची राजधानी’ हे नाव आणि राष्ट्रीय आकडेवारीचे वजन मिळाले.

विझत आलेला वाद २०१९ मध्ये सरकारनेच पुन्हा पेटवला. राज्यपाल चार्ली बेकर यांच्या प्रशासनातील ऊर्जा विभागाने २०१२ चे नियम सैल करण्याचा प्रस्ताव आणला. जंगलाबाहेरचे, छाटणीचे किंवा टाकाऊ लाकूड वापरणाऱ्या केंद्रांना कार्यक्षमतेची अट शिथिल होणार होती. स्प्रिंगफील्डचे केंद्र नेमके याच वर्गात बसत होते. जनसुनावण्यांत नागरिकांनी, डॉक्टरांनी आणि शहर परिषदेच्या सदस्यांनी कडाडून विरोध केला. तरीही डिसेंबर २०२० मध्ये सुधारित मसुदा विधिमंडळाच्या समितीकडे गेला. कोविडच्या साथीत श्वसनाचे आजार हा घराघरातला विषय झालेला असताना, वीजग्राहकांच्या पैशातून दम्याच्या शहरात धुराडे उभारण्याची वाट मोकळी होत होती. एलिझाबेथ वॉरन आणि एड मार्की या मॅसॅच्युसेट्सच्या दोन्ही सिनेटरांनी प्रकल्पाला उघड विरोध केला.

पुढचे बदल काही आठवड्यांत झाले, पण त्यांची तयारी जुनी होती. गरीब, वांशिक अल्पसंख्य आणि इंग्रजी कमी जाणणाऱ्या वस्त्यांवर प्रदूषणाचा बोजा अधिक पडतो, हे मान्य करणारे ‘पर्यावरणीय न्याय’ धोरण राज्याने २००२ मध्येच स्वीकारले होते. ते धोरण होते, कायदा नव्हता. २६ मार्च २०२१ रोजी बेकर यांनी स्वाक्षरी केलेल्या हवामान कायद्याने या वस्त्यांची व्याख्या प्रथमच कायद्यात आणली आणि त्यांच्यावर आधीपासून असलेल्या एकत्रित भाराचा विचार करण्याची दिशा दिली. त्यानंतर आठवड्याभरात पर्यावरण संरक्षण विभागाने दहा वर्षांपूर्वीची मंजुरी रद्द केली. मंजुरीनंतर लोटलेला काळ, दरम्यान पुढे आलेली आरोग्यविषयक माहिती आणि पर्यावरणीय न्यायाच्या वस्त्यांवरील परिणामांकडे वाढलेले लक्ष, ही कारणे विभागाने दिली. याच विभागाने २०११ मध्ये केवळ हवा मोजली होती.

एप्रिल २०२१ मध्येच ऊर्जा विभागानेही माघार घेतली आणि पर्यावरणीय न्यायाच्या वस्तीपासून पाच मैलांच्या आत असलेल्या नव्या लाकडी केंद्राला प्रमाणपत्रांचा लाभ न देण्याचा प्रस्ताव मांडला. यावरही एक योग्य आक्षेप आला : मग उरलेल्या, म्हणजे राज्यातील सुमारे दहा टक्के गावांत अनुदानित केंद्रे चालतील, आणि त्या गावांची फुप्फुसे काही निराळी नाहीत. ग्रामीण भागातील लोकांनी तो जोरकसपणे मांडला. ऑगस्ट २०२२ मध्ये संमत झालेल्या स्वच्छ ऊर्जेच्या कायद्याने नव्या लाकडी वीजकेंद्रांना राज्याच्या नवीकरणीय वीज कार्यक्रमातून सरसकट वगळले. त्याच सुमारास स्प्रिंगफील्ड, होल्योक आणि चिकोपी या तीन शहरांत, आरोग्य संस्था आणि स्थानिक गटांच्या पुढाकाराने, हवेतील सूक्ष्म कण मोजणारे कमी खर्चाचे संवेदक वस्तीवस्तीत बसवण्याचे काम सुरू झाले. शहराच्या एक-दोन सरकारी मापन केंद्रांवरून काढलेली सरासरी आपल्या गल्लीला लागू पडते का, हे रहिवाशांना आता स्वतःच्या नोंदींवरून तपासता येते.