रुपे : भारताचे कार्ड-जाळे आणि त्याचा परदेशातील स्वीकार

रुपे हे भारताचे स्वतःचे बँक-कार्ड जाळे. मुंबईत मुख्यालय असलेली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजेच एनपीसीआय, ते चालवते. 26 मार्च 2012 रोजी ते सुरू झाले आणि 8 मे 2014 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. ‘रुपी’ आणि ‘पेमेंट’ या दोन शब्दांच्या सांध्यातून हे नाव आले. योजना कागदावर होती तेव्हा ‘इंडिया पे’ हे नाव घेतले जात असे. देशात हे कार्ड एटीएमवर आणि दुकानातल्या स्वाइप मशीनवर सर्रास चालते. देशाबाहेर मात्र ‘रुपे चालते का?’ याला हो किंवा नाही असे सरळ उत्तर नाही. कोणते रुपे, कोणत्या देशात आणि कोणत्या बँकेच्या मशीनवर, हे आधी विचारावे लागते.

जाळ्याचे काम

कार्डावर बँकेचे नाव ठळक असते आणि कोपऱ्यात जाळ्याची खूण. खाते बँकेचे, पैसे खातेदाराचे. जाळे पैसे सांभाळत नाही आणि उधारही देत नाही. दुकानदाराने कार्ड मशीनला लावले की त्याच्या बँकेकडून एक निरोप निघतो : अमुक क्रमांकाच्या कार्डावर अमुक रक्कम हवी आहे, द्यायची का? कार्डाच्या क्रमांकातले सुरुवातीचे आकडे पाहून जाळे तो निरोप कार्ड देणाऱ्या बँकेकडे नेते आणि होकार किंवा नकार परत आणते. हे सगळे दोन-तीन सेकंदांत उरकते. त्यानंतर कोणत्या बँकेने कोणत्या बँकेला किती द्यायचे याचा हिशेब लावून तो चुकता करून देणे, वाद झाला तर कोणाचे म्हणणे ग्राह्य धरायचे हे ठरवणे आणि या साऱ्याचे नियम बांधणे हेही जाळ्याचेच काम.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कार्ड ‘चालणे’ हा कार्डाचा गुण नसून कराराचा परिणाम असतो. दुकानदाराच्या बँकेने त्या जाळ्याशी करार केलेला हवा, तिच्या मशीनला त्या कार्डाची चिप वाचता यायला हवी आणि तो क्रमांक कुठे पाठवायचा हे तिच्या यंत्रणेला ठाऊक हवे. तीनपैकी एक कडी तुटली की खात्यात लाखभर रुपये असूनही मशीन नकार देते.

देशी जाळे कशासाठी

रुपे येण्यापूर्वी पुण्यातल्या बँकेचे कार्ड पुण्यातल्याच दुकानात वापरले तरी व्यवहार व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांच्या जाळ्यातून जात असे, आणि त्याचे शुल्क बँकांना या परदेशी कंपन्यांना द्यावे लागे. मोठ्या बँकांना ते परवडत होते. नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका आणि ग्रामीण बँका यांना जाळ्याचे सभासदत्व आणि यंत्रणेचा खर्चच जड जाई, त्यामुळे त्यांच्या खातेदारांना कार्ड मिळणे दुर्मीळ होते. रिझर्व्ह बँक आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्या पुढाकाराने 2008 मध्ये एनपीसीआय स्थापन झाली, तीही नफा न वाटणारी कंपनी म्हणून. पुढे सहकारी बँकांच्या हाती रुपेने पहिल्यांदा स्वतःचे कार्ड दिले. महाराष्ट्रात सहकारी बँकांचे जाळे दाट असल्याने हा बदल इथे विशेष जाणवला.

संख्येची मोठी उडी मात्र 28 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेने घडवली. प्रत्येक खात्याबरोबर रुपे डेबिट कार्ड आणि त्यावर 1 लाख रुपयांचा अपघात विमा आला. 28 ऑगस्ट 2018 नंतर उघडलेल्या खात्यांसाठी ही रक्कम 2 लाख झाली. 2020 अखेरपर्यंत सुमारे 60 कोटी रुपे कार्डे वाटली गेली होती. किसान क्रेडिट कार्ड, मुद्रा कार्ड आणि मेट्रो-बससाठीचे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डही याच जाळ्यावर आहेत.

रुपेच्या परदेशगमनाची सारी अडचण या इतिहासात दडलेली आहे. हे कार्ड ज्यांच्या खिशात गेले त्यातल्या बहुतेकांकडे पासपोर्ट नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांना बँका आधीच व्हिसा किंवा मास्टरकार्ड देत होत्या.

उसन्या रुळांवरून

जगभरातल्या लाखो दुकानांशी आणि बँकांशी एकेक करार करत बसायचे तर दशके जातात. एनपीसीआयने म्हणून दुसरी वाट धरली. ज्यांचे जाळे आधीच पसरले आहे त्यांच्या रुळांवरून आपली गाडी चालवायची. 2012 मध्येच अमेरिकेच्या डिस्कव्हर फायनान्शियल सर्व्हिसेसशी करार झाला. डिस्कव्हरच्या मालकीची डायनर्स क्लब इंटरनॅशनल आणि पल्स ही एटीएम-यंत्रणा त्यासोबत आपोआप आली. म्हणून ‘रुपे ग्लोबल’ कार्डाच्या दर्शनी बाजूला रुपेची खूण असते आणि मागच्या बाजूला डिस्कव्हर, डायनर्स क्लब आणि पल्स यांच्या खुणा. परदेशातले मशीन ते कार्ड डिस्कव्हरच्या कुटुंबातले समजूनच वाचते, आणि व्यवहार त्या जाळ्यातून फिरून एनपीसीआयकडे व तिथून भारतातल्या बँकेकडे येतो. 2019 मध्ये जपानच्या जेसीबीबरोबर अशाच धर्तीचे रुपे-जेसीबी कार्ड आले.

प्रवाशांची गफलत होते ती नेमकी इथे. साधे रुपे कार्ड, विशेषतः जनधन खात्याचे, देशापुरतेच असते. परदेशी चालते ते वेगळे कार्ड. ते बँकेकडून मागून घ्यावे लागते आणि ओळखायचे तर कार्ड उलटे करून पाहावे. मागे दुसऱ्या जाळ्याची खूण नसेल तर ते कार्ड विमानात नेऊन उपयोग नाही (खाली येणारे शेजारी देश सोडून). परदेशी दुकानाच्या दारावर रुपेची खूण शोधणेही बहुधा व्यर्थ ठरते. शोधायची ती डिस्कव्हर, डायनर्स किंवा जेसीबीची. काउंटरवरच्या माणसाने रुपेचे नाव ऐकलेले नसते आणि तो ‘हे घेत नाही’ म्हणून मोकळा होतो. अशा वेळी वाद न घालता मागची खूण दाखवावी आणि एकदा मशीनला लावून पाहण्याची विनंती करावी.

उसन्या रुळांची मर्यादाही उघड आहे. रूळ जिथे संपतात तिथे गाडी थांबते. डिस्कव्हर अमेरिकेत आणि जेसीबी जपानमध्ये घट्ट रुजलेले आहे. युरोपातल्या लहान दुकानांत ही दोन्ही नावे विरळ आढळतात. संकेतस्थळांवरची खरेदी तर आणखी बेभरवशाची, कारण अनेक परदेशी विक्रेते कार्डांच्या यादीत व्हिसा, मास्टरकार्ड आणि फार तर अमेरिकन एक्स्प्रेस एवढेच ठेवतात. शिवाय रुळांचा मालक बदलू शकतो. डिस्कव्हर मे 2025 मध्ये अमेरिकेच्याच कॅपिटल वन या बँकेने विकत घेतली.

शेजारी आणि मित्रदेश

दुसरा मार्ग थेट दोन देशांच्या यंत्रणा जोडण्याचा. 31 मे 2018 रोजी सिंगापुरात रुपेचा स्वीकार सुरू झाला. त्यासाठी तिथल्या नेट्स या स्थानिक जाळ्याशी जोडणी करण्यात आली. ऑगस्ट 2019 मध्ये भूतान आणि संयुक्त अरब अमिराती यांची नावे जोडली गेली. अबू धाबीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी रुपे कार्डाने मोतीचूर लाडू घेतले, ते बहरीनच्या श्रीनाथजी मंदिरात प्रसाद म्हणून न्यायचे होते. 2 एप्रिल 2022 रोजी नेपाळ, 12 फेब्रुवारी 2024 रोजी मॉरिशस आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मालदीव अशी यादी वाढत गेली.

या घोषणा वाचताना तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. भारतीय कार्ड तिथे चालणे ही एक. तिथल्या बँकेने आपल्या ग्राहकाला रुपे कार्ड देणे ही दुसरी. नोव्हेंबर 2020 मध्ये भूतानच्या बँकेने अशी कार्डे द्यायला आरंभ केला, ती घेऊन भूतानी नागरिक भारतात पैसे काढू शकतो. मॉरिशसमध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या माउकास या यंत्रणेच्या साहाय्याने कार्डे देण्याची सोय झाली. आशियाबाहेर असे प्रथमच घडले. तिसरी गोष्ट म्हणजे तंत्रज्ञानच देऊन टाकणे. अमिरातीचे ‘जेवान’ हे राष्ट्रीय कार्ड रुपेच्या पायावर उभे आहे. त्यासाठी एनपीसीआयच्या एनआयपीएल या 2020 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कंपनीने ऑक्टोबर 2023 मध्ये अल एतिहाद पेमेंट्सशी करार केला. जेवानवर रुपेचे नाव नाही. तरी माझ्या मते तीन प्रकारांत हाच सर्वांत टिकाऊ ठरण्याची शक्यता आहे, कारण तो देश ते जाळे स्वतःच्या गरजेपोटी चालवणार आहे.

नेपाळ आणि भूतान यांचे प्रकरण निराळे. अनेक भारतीय कार्डांच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘नेपाळ व भूतानमध्ये परकीय चलनात देयकासाठी वैध नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य छापलेले असते, ते फारसे कोणी वाचत नाही. या दोन देशांशी भारताचा व्यवहार रुपयातच व्हावा हा त्यामागचा हेतू. भूतानचे एनगुल्ट्रम भारतीय रुपयाच्या बरोबरीचे आहे आणि 1 भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. डॉलरची मध्यस्थी नको, दराची धास्ती नको. त्यातच डिसेंबर 2018 मध्ये नेपाळने 100 रुपयांवरच्या भारतीय नोटा वापरायला मनाई केली. पशुपतिनाथाला निघालेल्या यात्रेकरूने शंभराच्या नोटांची थप्पी बांधून न्यायची की काय, अशी पाळी आली. रुपेची खरी गरज सिंगापूरच्या मॉलपेक्षा काठमांडूच्या धर्मशाळेत जास्त होती.

निघण्यापूर्वी

रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवे कोणतेही कार्ड, मग ते रुपे असो वा अन्य, आरंभी फक्त देशात चालण्याजोगे असते. परदेशातला वापर खातेदाराने बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत सांगून चालू करून घ्यायचा असतो. परदेशात ‘कार्ड चालले नाही’ या तक्रारीमागे जाळ्याचा दोष नसून हे बटण बंद राहिल्याचेही कारण असू शकते. परकीय चलनातल्या खर्चावर बँक आपले अधिमूल्य लावते. ते बँकेनुसार बदलते, साधारण 2 ते 3.5 टक्के, आणि त्यावर जीएसटी वेगळा. रुपे देशी आहे म्हणून हे शुल्क माफ होत नाही. डेबिट कार्डाने बाहेर केलेला खर्च, एका व्यक्तीला परदेशी पैसे नेण्या-पाठवण्यासाठी घातलेल्या वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजला जातो. परकीय चलन आधी भरून ठेवण्याची रुपे प्रीपेड कार्डे देण्यास रिझर्व्ह बँकेने जून 2023 मध्ये बँकांना मुभा दिली.

इतर देशांची वाट

जपानच्या जेसीबीचा जन्म 1961 चा आणि त्याने परदेशी पाऊल टाकले 1981 मध्ये. चीनचे युनियनपे 2002 मध्ये उभे राहिले आणि 2004 पासून हाँगकाँगमध्ये चालू लागले. पुढे चिनी पर्यटक जिथे जिथे गेले तिथल्या दुकानदारांनी ते स्वतःहून मागून घेतले. गिऱ्हाईक दारात उभे असले की करारासाठी मनधरणी करावी लागत नाही. ब्राझीलच्या एलोने रुपेप्रमाणेच डिस्कव्हरचा आधार घेतला.

रशियाच्या ‘मीर’ची कथा मात्र राजकारणाची. क्रिमियाच्या प्रश्नावरून 2014 मध्ये निर्बंध आले आणि व्हिसा व मास्टरकार्ड यांनी काही रशियन बँकांची कार्डे बंद केली. त्यातून मीर जन्मले. त्याची पहिली कार्डे डिसेंबर 2015 मध्ये निघाली. मार्च 2022 मध्ये दोन्ही कंपन्यांनी रशिया सोडला, तरी देशातल्या देशात त्यांचीच जुनी कार्डे चालत राहिली, कारण तोवर अंतर्गत व्यवहार राष्ट्रीय यंत्रणेतून जाऊ लागले होते. बाहेर मात्र अमेरिकेच्या इशाऱ्यानंतर सप्टेंबर 2022 मध्ये तुर्कस्तानच्या बँकांनी मीर घेणे थांबवले. राष्ट्रीय जाळे घरातला व्यवहार वाचवू शकते, परक्या दुकानातला स्वीकार त्याच्या हाती नसतो, हे मीरने लख्ख दाखवून दिले. भारतातल्या चर्चेत मीरचे उदाहरण वारंवार येते, पण रुपेची आखणी 2014 च्या निर्बंधांच्या बरीच आधीची आहे.

पैसा कोण कमावतो

1 जानेवारी 2020 पासून रुपे डेबिट कार्डावरच्या व्यवहारासाठी दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. दुकानदार खूश झाला. बँकेला मात्र कार्ड देण्याचा खर्च आहे आणि मिळकत शून्य. त्याची भरपाई म्हणून सरकारने 2021-22 साठी 1,300 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आखली. तरीही सधन ग्राहकाला व्हिसा किंवा मास्टरकार्ड पुढे करण्याचा बँकांचा कल त्यामुळे समजण्याजोगा आहे, आणि परदेशात जाणारा ग्राहक बहुधा तोच असतो. क्रेडिट कार्डावर शुल्क लागू असल्याने तिथे गणित वेगळे आहे. सप्टेंबर 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले आणि रुपेला त्या क्षेत्रात प्रथमच खरा वाव मिळाला. 6 सप्टेंबर 2024 पासून क्रेडिट कार्ड घेताना जाळे निवडण्याचा पर्याय ग्राहकाला देणे मोठ्या कार्डदात्यांना बंधनकारक आहे.

दरम्यान, त्याच एनपीसीआयचे यूपीआय परदेशात रुपेच्या पुढे निघाले आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये ते सिंगापूरच्या पेनाउ या तत्काळ पैसे पाठवण्याच्या यंत्रणेला जोडले गेले, फेब्रुवारी 2024 मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटांपर्यंत पोचले. दुकानदाराला त्यासाठी नवे मशीन लागत नाही, क्यूआर कोडचा कागद पुरतो. नेपाळ, भूतान, अमिराती आणि मॉरिशस या देशांत रुपे आणि यूपीआय दोन्ही पोचली आहेत, आणि कार्ड घरी विसरलेला प्रवासीही तिथे फोन काढून पैसे देऊ शकतो.