केंद्रीय कार्यालयातील घोटाळ्याची तक्रार : नाव गुप्त ठेवून अर्ज कसा करावा?

घोटाळ्याची कुणकुण सगळ्यात आधी आतल्या माणसाला लागते, म्हणजे बिले तपासणाऱ्या लिपिकाला, स्टोअर सांभाळणाऱ्याला. त्याने निर्धास्तपणे लिहावे म्हणून केंद्र सरकारने २१ एप्रिल २००४ रोजी जनहित प्रकटीकरण ठराव काढला. त्यामागे सत्येंद्र दुबे यांचे बलिदान आहे. महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळवणाऱ्या या अभियंत्याने नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती, तरी पत्र नावासकट खात्यात फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांची हत्या झाली.

या ठरावाखाली कर्मचारीच नव्हे, कोणीही नागरिक केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करू शकतो. मात्र ती केंद्रीय खाती, राष्ट्रीयीकृत बँका आणि केंद्राच्या कंपन्या वा महामंडळांतल्या भ्रष्टाचाराची किंवा पदाच्या गैरवापराची हवी. जिल्हा परिषद, महापालिका किंवा राज्य शासनाचा कर्मचारी यात येत नाही. लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. बढती-बदलीचे वैयक्तिक गाऱ्हाणेही इथे चालत नाही.

सगळी मदार पाकिटावर आहे. तक्रार बंद पाकिटात घालून ‘सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली ११००२३’ या पत्त्यावर टपालाने पाठवावी. पाकिटावर पी-आय-डी-पी-आय (PIDPI, म्हणजे या ठरावाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) ही पाच इंग्रजी अक्षरे ठळक लिहावीत; ती नसतील तर तक्रार साधी धरली जाते आणि गुप्ततेची हमी उरत नाही. पाठवणाऱ्याचे नाव पाकिटावर नको. अशा पाकिटासाठी त्याचा आग्रह धरू नये, अशी डाक विभागाची सूचना आहे. आत मात्र नाव-पत्ता हवाच, कारण निनावी तक्रार या ठरावाखाली घेतली जात नाही. तो मजकुराच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या कागदावर द्यावा. ईमेलने पाठवलेल्या तक्रारीला हे संरक्षण नाही.

प्रतिज्ञापत्र लागत नाही. पुराव्याच्या प्रती जोडाव्यात, पण नीट विचार करून: जी फाइल फक्त तुमच्याच टेबलावर असते, तिची झेरॉक्स तुमचे नाव न लिहिताही सांगून टाकते. ‘मी साहेबांना तोंडी सांगितले होते’ अशी वाक्ये गाळा. हीच तक्रार इतरत्र पाठवू नका, त्याच विषयावर स्वतःच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्जही टाकू नका.

पोच मिळत नाही. तक्रार तुमचीच आहे ना, हे आयोग पत्राने विचारतो. त्याला वेळेत उत्तर द्या. तक्रारीमुळे त्रास सुरू झाला, तर संरक्षणासाठी आयोगाकडेच अर्ज करता येतो.