काल्पनिक वाळवंटी शहराची कॉपीराइट नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

एखाद्या लेखकाने अद्भुतकथेसाठी वर्षानुवर्षे खपून वाळवंटातले एक व्यापारी शहर उभे केलेले असते. त्याच्या वेशी, पेठा, मिठाचे आणि नीळ-केशराचे व्यापारी, तांडेवाले, पाण्याच्या पाळ्या ठरवणारी पंचायत, प्रत्येक जमातीचे देव, सण आणि बोली, सारे काही वहीत नोंदलेले असते. कादंबरी प्रकाशित व्हायची असते, पण मसुदा प्रकाशक, चित्रकार आणि खेळ तयार करणारी मंडळी अशा अनेकांच्या हातांतून गेलेला असतो. अशा वेळी हे लेखन आपले आहे याची सरकारदरबारी नोंद असावी असे वाटणे योग्यच आहे. भारतात ही नोंद नवी दिल्लीतील कॉपीराइट कार्यालय करते आणि तिच्यासाठी वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही.

नोंदणी सक्तीची नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार कृती लिहून झाली की हक्क आपोआप निर्माण होतो, आणि नोंदणी नसली तरी हक्कभंगाचा दावा लावता येतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली संजय सोया प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतील नोंद हा त्यातील तपशिलाचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. वाद उभा राहिलाच, तर कृती कोणाची आणि प्रकाशित झाली असल्यास केव्हा, हे पहिल्यापासून सिद्ध करत बसावे लागत नाही. अप्रकाशित लेखन करणाऱ्याला या पुराव्याची गरज सर्वांत जास्त असते.

नोंदणी नेमकी कशाची होते

अर्ज भरण्याआधी हा मुद्दा नीट समजून घ्यावा. आर. जी. आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितले की कल्पना, विषय, कथाबीज किंवा ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो त्यांच्या मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर. वाळवंटाच्या मध्यावर मिठाच्या व्यापारावर जगणारे अनेक जमातींचे शहर ही कल्पना कोणालाही सुचू शकते आणि कोणीही वापरू शकते. तिची सामग्री इतिहासातच विखुरलेली आहे. सीरियातील प्राचीन पालमायरा शहराच्या व्यापाऱ्यांचे काफिले, सहारातील तौदेनीच्या खाणींतून उंटांवरून टिंबक्टूला येणाऱ्या मिठाच्या लाद्या, जैसलमेरच्या धनिक व्यापाऱ्यांच्या हवेल्या, आपल्याकडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारे लमाणांचे तांडे, हे सारे सर्वांचे आहे.

आता समजा, त्या शहरात विहिरीच्या काठावर पाणक्यांची वृद्ध प्रमुख घटिकापात्र घेऊन बसते. पात्र बुडेपर्यंतच एका जमातीचा माणूस पाणी शेंदतो, पात्र तळाला टेकल्याचा आवाज झाला की तो दोर पुढच्याच्या हाती देतो आणि डोणीत उरलेले पाणी उंटांचे मानले जाते. पाण्याच्या पाळ्यांची ही रीत कल्पना म्हणून मोकळीच राहते. परंतु ती ज्या शब्दांत, ज्या क्रमाने, ज्या संवादांतून आणि बारकाव्यांतून तुम्ही लिहिली ते पान तुमचे असते. म्हणूनच ‘सात जमाती, चार वेशी, मिठाचे युद्ध’ अशा त्रोटक टिपणांची नोंदणी करून फारसे काही हाती लागत नाही. जगरचनेची वही नोंदवायची असेल तर ती आधी सविस्तर, सलग गद्यात लिहून काढावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

शहराचे नाव किंवा कादंबरीचे शीर्षक यांना कॉपीराइटचे संरक्षण मिळत नाही. नुसते शीर्षक ही स्वतंत्र कृती ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली क्रिशिका लुल्ला प्रकरणात सांगितले आहे. त्या नावाने खेळ किंवा वस्तू बाजारात आणायच्या असतील, तर ट्रेडमार्कचा वेगळा अर्ज करावा लागतो.

अर्ज कोण करू शकतो

कृतीचा लेखक, तिचा प्रकाशक, कॉपीराइटचा मालक किंवा त्यात हितसंबंध असलेली व्यक्ती अर्ज करू शकते. लेखक हयात नसल्यास वारसांना मालक या नात्याने अर्ज करता येतो. नोकरीचा भाग म्हणून, म्हणजे खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या पगारी सेवेत असताना, शहर रचले असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक कंपनी असते. परदेशात स्थायिक झालेल्या आणि तेथील नागरिकत्व घेतलेल्या मराठी लेखकांची कृतीही पात्र ठरते, कारण बर्न करार या कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांतील नागरिकांच्या कृतींना भारतात संरक्षण दिलेले आहे.

केशवसुत, कुसुमाग्रज, ग्रेस अशी टोपणनावांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे आणि अद्भुतकथा लिहिणारेही ती आवडीने चालवतात. टोपणनावाने प्रकाशित झालेल्या कृतीत लेखकाची ओळख उघड झालेली नसेल, तर संरक्षणाची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे मोजतात. एरवी ती लेखकाचे आयुष्य आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे अशी असते. त्यामुळे अर्जात लेखकाचे खरे नाव देणेच हिताचे ठरते.

एका अर्जात एकच कृती

कादंबरी ही वाङ्मयीन कृती आहे. जमातींच्या वंशावळी आणि व्यापारी मार्गांचे तक्तेही त्याच वर्गात बसतात. शहराचा नकाशा मात्र कायद्याच्या व्याख्येनुसार कलाकृती आहे, तेव्हा त्याचा अर्ज वेगळा आणि शुल्कही वेगळे.

नकाशा दुसऱ्याने काढला असेल, तर अधिक काळजी घ्यावी. पैसे मोजून करवून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, उत्कीर्णन किंवा चित्रपट यांचा पहिला मालक करवून घेणारा असतो, असे कलम १७ सांगते. पण रेखाटन आणि नकाशा यांचा त्या यादीत उल्लेख नाही. मोबदला दिला म्हणून नकाशा आपला झाला, असे गृहीत धरू नये. चित्रकाराशी लेखी आणि स्वाक्षरीचा हस्तांतरण करार करावा आणि त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात दिले, हे लिहावे. काळ लिहिला नाही तर कायदा तो ५ वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. हा करार अर्जापूर्वीच झालेला असावा. संबंध बिघडल्यावर स्वाक्षरी मिळवणे फार जड जाते.

कागदपत्रे

कृतीच्या दोन प्रती आणि शुल्क भरल्याचा पुरावा हा पाया. अर्जदार आणि लेखक वेगळे असतील तर लेखकाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. कृती प्रकाशित असून प्रकाशक अर्जदार नसेल तर प्रकाशकाचेही. हक्क करारान्वये मिळाले असल्यास त्या कराराची प्रत, आणि वकिलामार्फत अर्ज करत असल्यास वकालतनामा किंवा मुखत्यारपत्र जोडावे. खेळाच्या खोक्यावर, कपड्यांवर किंवा अन्य मालावर नकाशा वा चित्र छापले जात असेल किंवा छापता येण्याजोगे असेल, तर तसाच ट्रेडमार्क आधी नोंदलेला नाही असे सांगणारे ट्रेडमार्क निबंधकांचे शोध प्रमाणपत्रही सादर करावे लागते.

अर्ज भरणे

कॉपीराइट कार्यालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर खाते उघडून फॉर्म १४ भरता येतो. त्यासोबत दोन विवरणपत्रे असतात. पहिल्यात अर्जदार, कृतीचा वर्ग, शीर्षक, भाषा, लेखक, प्रकाशनाचे वर्ष व देश आणि हक्कांचे मालक यांची माहिती द्यायची असते. दुसऱ्यात कृती स्वतंत्र आहे, की भाषांतर किंवा रूपांतर आहे, हे सांगायचे असते. आधीच्या एखाद्या कादंबरीतील जगावर आधारित शहर ‘स्वतंत्र’ म्हणून दाखवू नये. मूळ कृतीचा कॉपीराइट चालू असेल तर मालकाची परवानगी आवश्यक आहे. शीर्षकाचे लेखन सर्व कागदांवर अक्षरशः एकसारखे ठेवावे. अर्जात एक रूप, प्रतींवर दुसरे आणि ना हरकत प्रमाणपत्रात तिसरे असेल, तर विनाकारण त्रुटी निघते. स्वाक्षरीची स्कॅन प्रत जोडून शुल्क ऑनलाइन भरावे. वाङ्मयीन कृतीसाठी आणि कलाकृतीसाठी प्रत्येकी ५०० रुपये, तर मालावर वापरल्या जाणाऱ्या कलाकृतीसाठी २,००० रुपये शुल्क आहे. अर्ज नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही.

शुल्क भरल्यावर डायरी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा, कारण पुढची सारी चौकशी त्यावरच होते. कॉपीराइट नियम, २०१३ नुसार कृतीच्या हक्कात हितसंबंध असणाऱ्या किंवा अर्जदाराच्या हक्काविषयी वाद घालणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला अर्जाची सूचना देणे ही अर्जदाराची जबाबदारी आहे. सहलेखकापासून अर्ज लपवणे म्हणूनच नियमाला धरून होत नाही.

प्रतीक्षा आणि छाननी

हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. हरकत आली तर दोन्ही बाजूंना पत्रे जातात आणि कॉपीराइट निबंधक सुनावणी घेऊन निर्णय देतात. हरकत नसेल तर परीक्षक कागदपत्रे तपासतात आणि काही कमी असल्यास त्रुटीपत्र पाठवतात. त्याला दिलेल्या मुदतीत, मुद्द्यांच्या क्रमाने आणि पूरक कागद जोडून उत्तर द्यावे. तपासणी समाधानकारक ठरल्यावर नोंदवहीत नोंद होऊन तिचा उतारा अर्जदाराला मिळतो. प्रमाणपत्र म्हणतात ते हेच. निबंधकांचा अंतिम निर्णय विरोधात गेल्यास तीन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येते.

अप्रकाशित म्हणून नोंदवलेली कादंबरी पुढे छापली गेली, किंवा हक्क दुसऱ्याच्या नावे झाले, तर फॉर्म १५ भरून नोंदीतील तपशील बदलून घ्यावा. कथेत नंतर भर घातलेली नवी जमात किंवा नवा प्रदेश मात्र अशा बदलात बसत नाही; ते लेखन नवी कृती म्हणून स्वतंत्र अर्जाने नोंदवावे लागते.