सकाळी खोकता, दुपारी पळता

"सकाळी खोकता नि दुपारी पळता. काय म्हणूचा हेका?" देवगडातला माझा मावसभाऊ त्याच्या जुन्या पेट्रोल टेम्पोबद्दल बोलत होता. पहाटे बंदरावर बर्फ आणि मासळीच्या पेट्या भरून नांदगाव तिठ्याकडे निघाला की पहिल्याच चढाला गाडी मिसिंग मारायची, म्हणजे मधलीच एखादी ठिणगी चुकून इंजिन झटके द्यायचं. दुपारी तेवढाच माल, तोच चढ, आणि गाडी एकदम नीट.

आपल्याकडचे बहुतेक ट्रक डिझेलचे. त्यांना स्पार्क प्लग नसतोच. दाबून तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. पेट्रोल इंजिनाला मात्र ठिणगी लागते. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगवर सेकंदाला 25 ठिणग्या पडतात.

प्लगच्या दोन टोकांमधली फट जेमतेम 0.8 मिलिमीटरची. मोकळ्या हवेत एवढी फट ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र हवा दाबलेली असते. तिथे रेणूंची इतकी दाटी होते की इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, यात्रेतल्या गर्दीत धावायला निघालेल्या माणसासारखं. म्हणून व्होल्ट वाढवावे लागतात, 10 ते 20 हजारांपर्यंत. दाब आणि फट यांच्या गुणाकारावर हे व्होल्ट ठरतात, हे फ्रिडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 साली दाखवलं. चढाला आपण ॲक्सिलरेटर दाबतो, सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते, दाब वाढतो. टेम्पो सपाटीवर न खोकता चढालाच का खोकायचा, याचं उत्तर इथे मिळतं.

पण मग सकाळीच का?

पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तसंच इथे होतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याहून हावरट. बंदरावर रोज उभ्या राहणाऱ्या गाडीच्या एचटी वायरींवर (प्लगपर्यंत जास्त व्होल्टची वीज नेणाऱ्या), प्लगच्या चिनीमातीसारख्या पांढऱ्या अंगावर खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो. पहाटे तो ओला होतो आणि विजेला चोरवाट मिळते. दुपारी इंजिन तापलेलं, हवाही कोरडी. थर वाळतो, चोरवाट बंद. त्या पांढऱ्या भागावर वळ्या ठेवलेल्या असतात त्या शोभेसाठी नव्हेत. पृष्ठभागावरून सरकणाऱ्या विजेचा रस्ता त्या लांबवतात.

मिस्त्रीने आम्हाला हे डोळ्यांनी दाखवलं. पहाटे अंधारात बॉनेट उघडून गाडी चालू केली, दिवे बंद. वायरींच्या कडेने बारीक निळ्या रेघा चुरचुरत होत्या. (हात लावायचा नाही, हे सांगायला नकोच.)

मग प्लग काढले. इंजिन थंड असतानाच काढायचे, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधले (सिलिंडरवरच्या झाकणातले) आटे नरम असतात, लगेच सोलतात. आधी खाचेतली वाळू हवा मारून उडवली, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये. तिसरा प्लग हलेना. लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी शिरलं की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचा पांढरा गंज आट्यांत घट्ट बसतो. मिस्त्रीने तेल सोडलं, चहा प्यायला, मग पाना पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत वीस मिनिटांनी प्लग सोडवला. जोर लावला असता तर अख्खं हेड उतरवावं लागलं असतं.

टोकं फिकट तपकिरी होती, म्हणजे इंजिनाची तब्येत बरी. पण फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर फट 1.2 मिलिमीटर निघाली, आणि टोकांच्या कडा झिजून गोल झालेल्या. धारदार कडेवर विद्युतक्षेत्र एकवटतं, गोल कडेवर ते विखुरतं; म्हणजे व्होल्ट दोन्हीकडून वाढले. पॉलिश पेपर मारून प्लग पुन्हा वापरायची जुनी रीत काही दिवस चालते ती याचमुळे, कडा पुन्हा धरतात म्हणून.

नवे प्लग आधी बोटांनी फिरवत बसवले, वॉशर टेकल्यावर पान्याने अर्ध्या फेऱ्याहून थोडं जास्त. मिस्त्री आट्यांना ग्रीस लावायला निघाला होता, मी थांबवलं. मुलामा दिलेल्या प्लगना ते नको असं बरेच उत्पादक सांगतात. ग्रीसने घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो. मिस्त्रीला हे पटलं नाही.

दुसऱ्या पहाटे टेम्पो न खोकता चढला. वायरींवरचं मीठ तसंच होतं. पण फट कमी, कडा धारदार. कमी व्होल्टमध्येच ठिणगी पडत होती, चोरवाटेपर्यंत वीज चढतच नव्हती. भावाला वाटलं, काम झालं. मिस्त्रीने पुन्हा दिवे बंद करायला लावले. तिसऱ्या प्लगच्या टोपीजवळ एक निळी रेघ अजून होती.

"ही वायर पण बदलून टाक रे," तो म्हणाला.