डॉप्लरला वेग लागतो, टकरीला वेळ

यंदाही तेच वाक्य. उन्हाळी परीक्षेचे पेपर तपासत होतो, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि सलग चौथ्या पेपरात शब्दन् शब्द तेच: ‘वायू तापवला की रेणूंचा वेग वाढतो, वेग वाढला की टकरी वाढतात, टकरी वाढल्या की वर्णपटरेषा रुंद होते, यालाच डॉप्लर रुंदीकरण म्हणतात.’ चार वेगळ्या मुलांनी एकच चूक एकाच शब्दांत केली, तर ती मुलांची नसते, कुठल्यातरी झेरॉक्स नोट्सची असते. (वर्णपटरेषा म्हणजे अणूने किंवा रेणूने सोडलेला वा गिळलेला एक ठरावीक रंग; ती रुंद झाली म्हणजे तो रंग आजूबाजूला पसरला.) या वाक्याचा पहिला तुकडा बरोबर आहे. दुसरा आणि तिसरा अटी घातल्या तर चालेल. चौथा साफ चूक. आणि वाचताना मात्र सगळं इतकं ओघात जातं की तपासणाऱ्याचाही हात अर्धा मार्क द्यायला पुढे होतो.

डॉप्लर तुम्हाला येतोच, म्हणून तो भरभर. गाडी शिट्टी देत जवळ आली की सूर चढतो, लांब गेली की उतरतो. प्रकाशात सुराऐवजी रंग सरकतो. वायूतले काही रेणू आपल्या दिशेने धावत असतात, काही उलट दिशेने, बरेचसे आडवे. प्रत्येकाची रेषा आपापल्या वेगाप्रमाणे जराशी सरकते. सगळ्यांची बेरीज म्हणजे घंटेच्या आकाराचा गाउसचा वक्र. रुंदी तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, रेणू जड असला की कमी होते, दाबाशी तिचं देणंघेणं नाही. फक्त एक गोष्ट खिशात ठेवा, पुढे लागेल: यातला एकेक रेणू स्वतः नेमक्या सुरातच गातो. रुंदी आहे ती गर्दीची.

आता टक्कर. इथे घोटाळा असा होतो की लोक टकरीलाही डॉप्लरच्याच खात्यात जमा करतात. टक्कर झाली, रेणूचा वेग बदलला, वेग बदलला म्हणून रंग सरकला, झाली रेषा रुंद! टकरीत वेग बदलतो हे खरं. पण रुंदी त्यामुळे येत नाही. ती येते मधेच तुटलेल्या तरंगामुळे.

शाळेच्या गॅदरिंगमधलं लेझीम आठवा. एक मुलगा छान लयीत नाचतोय. शेजाऱ्याचा धक्का लागतो, क्षणभर अडखळतो, आणि पुन्हा सुरू करतो. लय तीच, पण पाऊल चुकलेलं. बाकीच्यांचं डावं पडतं तेव्हा याचं उजवं. भौतिकशास्त्रात यालाच फेज बदलणं म्हणतात, मराठी पुस्तकात ‘कला’. प्रकाश सोडणाऱ्या अणूचंही असंच होतं. दुसरा अणू जवळून गेला की त्याच्या ऊर्जापातळ्या क्षणभर हलतात. तो निघून गेल्यावर त्या जागेवर येतात, तरंग पुन्हा त्याच वारंवारतेने सुरू होतो, पण पाऊल चुकलेलं असतं. (कधी अणू टकरीत सगळी ऊर्जाच गमावून बसतो, तेव्हा तरंग तिथेच संपतो. रेषेच्या रुंदीपुरता परिणाम तोच.)

आता तुम्ही मैदानाच्या टोकाला उभे राहून त्या मुलाची लय मोजताय. तो जितका वेळ न अडखळता नाचेल, तितकी तुमची मोजणी नेमकी. दर दोन पावलांना धक्का बसत असेल, तर त्याची लय नक्की किती हे सांगताच येणार नाही. तिथे त्याच्या पळण्याच्या वेगाचा काय संबंध? शून्य. प्रश्न फक्त एवढाच, की दोन धक्क्यांच्या मधे त्याला वेळ किती मिळाला.

आकडे घालून बघू. सोडियमचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ५१० लाख कोटी आंदोलनं. एकट्या सोडलेल्या उत्तेजित सोडियम अणूचा सरासरी आयुष्यकाळ १६ नॅनोसेकंद. तेवढ्यात ८० लाखांवर आंदोलनं होतात. त्याला साध्या हवेच्या दाबात आणा. तिथे दोन टकरींमधला वेळ साधारण नॅनोसेकंदाच्या दहाव्या भागाएवढा. म्हणजे ८० लाखांच्या सलग तरंगाचे ५० हजारांचे तुकडे पडले. तुकडा आखूड, वारंवारता धूसर. मायकेलसनने १८९५ मध्ये या कारणाची मांडणी केली आणि लॉरेन्ट्झने १९०६ मध्ये गणित बसवलं. निष्कर्ष असा की टकरींमधल्या वेळाला π ने (३.१४ ने) गुणून त्याचा व्यस्तांक घेतला की अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी मिळते. आणि इथे प्रत्येक रेणू स्वतःच बेसूर झालेला असतो, गर्दीची बेरीज करायची गरजच नाही.

मागच्या बाकावरून हमखास येणारा प्रश्न: ‘सर, पण वेग वाढला म्हणजे रेणू जास्त आदळून राहिले ना? मग वेळ कमीच होणार की.’ प्रश्न चांगला आहे. उत्तर मिळतं बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी बर्डीच्या मेन रोडवर चालून बघा. गोगलगायीच्या वेगाने चालाल आणि तरी दर दोन पावलांना कोणाचा तरी खांदा लागेल. मग मे महिन्यात दुपारी दोनला तिथेच या. पळत सुटा हवं तर, धडकायला समोर कोणी नाही. मोकळी हवा तापते तेव्हा नेमकं हेच होतं. दाब तोच राहतो, हवा पसरते, गर्दी विरळ होते. रेणूंचा वेग तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, पण त्यांची दाटी सरळ तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटते. वर्गमूळ हरतं.

नागपूरचाच हिशेब करू, आपल्याकडे तापमानाची कमतरता नाही. जानेवारीतली १० अंशांची पहाट म्हणजे २८३ केल्विन, मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार म्हणजे ३१८. हवेचा दाब जवळपास तोच. रेणूंचा वेग ६ टक्क्यांनी वाढला, डॉप्लर रुंदीही तेवढीच वाढली. दाटी ११ टक्क्यांनी घटली. म्हणून एका रेणूच्या वाट्याला सेकंदाला येणाऱ्या टकरी जवळजवळ ६ टक्के कमी झाल्या, आणि टकरींची रुंदी कमी झाली. खऱ्या रेणूंमध्ये घट थोडी जास्तच असते. जोरात जाणारा रेणू जवळ रेंगाळत नाही, त्यामुळे पाऊल चुकवायची त्याची ताकदही कमी पडते. वरच्या हिशेबात रुंदी तापमानाच्या अर्ध्या घाताने, म्हणजे वर्गमुळाने, घटली; हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या रेषांसाठी हा घातांक अर्ध्याऐवजी ०.७ च्या आसपास येतो, म्हणजे ६ ऐवजी ८ टक्के. एकाच उन्हाने एक रुंदी वाढवली, दुसरी घटवली. नोट्समधलं वाक्य इथेच मोडतं.

तरी ‘अटी घातल्या तर’ असं वर म्हटलं ते उगाच नाही. वायू बंद बल्बमध्ये कोंडलेला असेल तर तापवल्यावर दाटी तीच राहते, टकरी खरंच वाढतात आणि रुंदी थोडीशी वाढते. आणि तिसरी परिस्थिती सगळ्यांत फसवी: लॅबमधला सोडियमचा दिवा. बटण दाबलं की आधी लालसर गुलाबी निऑन, मग काही मिनिटांत पिवळा. आत सोडियम धातूचे थेंब असतात. दिवा तापेल तशी त्यांची वाफ होत राहते आणि अणूंची संख्याच अनेक पटींनी वाढते. तिथे रेषेत होणारा फरक पाहून ‘तापमानाने टकरींची रुंदी वाढते’ असा नियम काढणं म्हणजे बर्डीवर मोर्चा आलेला बघून उन्हामुळे गर्दी वाढते असं म्हणणं. म्हणून माझा हट्ट आहे: ‘तापवला’ लिहिण्याआधी दाब कायम आहे की दाटी कायम आहे हे लिहा. न लिहिणाऱ्याचा मी एक मार्क कापतो. रिचेकिंगचे अर्ज येतात, येऊ देत.

दोन्हींपैकी मोठं कोण, याचं एक उत्तर नाही. डॉप्लर रुंदी वारंवारतेच्या प्रमाणात असते, म्हणून दृश्य प्रकाशात विरळ वायू असेल तर ती भारी पडते. ५०० केल्विनच्या सोडियमची डॉप्लर रुंदी सुमारे १७०० मेगाहर्ट्झ, नैसर्गिक रुंदी (टकरी नसताना, निव्वळ अणूच्या आयुष्यकाळामुळे येणारी) जेमतेम १०. उलट कार्बन डायऑक्साइडच्या १५ मायक्रोमीटरजवळच्या रेषा घ्या. जमिनीलगत टकरींची रुंदी डॉप्लरच्या शंभरपट आहे. दाब शंभराव्या भागावर येईल तिथे दोघी बरोबरीला येतात, म्हणजे साधारण ३० किलोमीटर उंचीवर. त्याखालच्या हवेत फक्त डॉप्लर घेऊन गणित करणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

वक्राच्या आकारातला फरक पुस्तकात एका ओळीत असतो (तो गाउसचा, हा लॉरेन्ट्झचा), आणि मुलं दोन्ही चित्रं सारखीच काढतात. मध्यापाशी ती सारखी दिसतातही. बाजूला जा. रेषेच्या मध्यापासून अर्धरुंदीच्या (अर्ध्या उंचीवरच्या रुंदीच्या निम्म्याच्या) दहापट लांब गेलात की लॉरेन्ट्झचा वक्र शिखराच्या १०१ व्या भागावर असतो. गाउसचा? शंभर वेळा २ लिहून त्या सगळ्यांचा गुणाकार करा आणि येणाऱ्या संख्येने शिखराला भागा. म्हणजे एकावर तीस शून्यं लिहून जी संख्या होते, साधारण तितकावा भाग. नाहीच म्हणा. म्हणून दोन्ही कारणं एकत्र असतात (तेव्हाचा तो फॉख्टचा वक्र), तेव्हा मधला भाग डॉप्लरचा असला तरी दूरचे पंख, म्हणजे वक्राच्या दोन्ही बाजूंच्या पसरट कडा, टकरींचेच असतात.

या पंखांना मी जीव लावतो, कारण खरी कामं तेच करतात. ‘कार्बन डायऑक्साइडची रेषा आधीच पूर्ण भरली आहे, आता आणखी वायूने काही बिघडत नाही’ हा मेसेज फॅमिली ग्रुपवर दर उन्हाळ्यात फिरतो. मध्य भरलाय, म्हणजे तिथला प्रकाश आधीच जवळजवळ सगळा शोषला जातो, कबूल. पंख भरलेले नाहीत. आणि एलईडी यायच्या आधी रस्त्यांवर जे सोनेरी दिवे होते ते आठवा. उच्च दाबाच्या सोडियमचे. साध्या ग्रेटिंगमधून (रंग वेगळे करणाऱ्या रेघांच्या काचेतून) बघितलं तर जिथे ५८९ ची झगझगीत रेषा हवी, तिथेच काळी पट्टी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कित्येक नॅनोमीटर पसरलेला उजेड. मधला रंग नळीच्या कडेची थंड वाफच गिळून टाकते. त्या दिव्याखाली माणसांचे चेहरे जरा तरी माणसांसारखे दिसायचे ते टकरींच्या पंखांमुळे.

किरकोळ फरक पटकन: टकरी रेषेचा मध्यही थोडा सरकवतात, रेणूंच्या स्वैर धावपळीचा डॉप्लर सरकवत नाही. लेसरच्या युक्तीने एकाच वेगाचे रेणू निवडून डॉप्लर रुंदी टाळता येते, टकरींची नाही. का, ते खिशात ठेवलेल्या वाक्यात आहे. आणि एक गंमत, परीक्षेत न विचारली जाणारी: दोन टकरींमधलं अंतर तरंगलांबीपेक्षा खूप कमी असेल आणि टकरीने पाऊल फारसं चुकत नसेल, तर टकरी रेषा अरुंद करतात. रेणू इतक्या वेळा दिशा बदलतो की त्याची धावपळ सरासरीत पुसली जाते. डिकेने १९५३ मध्ये हे दाखवलं. रुबिडियमच्या अणुघड्याळात इतर वायू भरतात त्यामागे हाही हिशेब असतो.

शेवटी लॅब. प्रॅक्टिकलच्या दिवशी एका मुलाने स्पेक्ट्रोमीटरच्या (वर्णपट बघायच्या यंत्राच्या) दुर्बिणीत बघून जर्नलमध्ये लिहिलं: ‘सोडियमची रेषा जाड दिसली, कारण दाब.’ दोन पिवळ्या रेषांमधलं अंतर ०.६ नॅनोमीटर आणि विरळ वाफेत एकेकीची डॉप्लर रुंदी ०.००२ च्या आसपास. तीनशेपट फरक. कॉलेजच्या स्पेक्ट्रोमीटरला ती रुंदी दिसणं शक्यच नाही. जे जाड दिसतं ते आपल्या स्लिटचं, म्हणजे प्रकाश आत येतो त्या फटीचं, चित्र असतं. मी त्याच्या शेजारी उभा राहून स्लिटचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. रेषा सुतासारखी बारीक झाली.

‘आता?’ मी विचारलं.

त्याने पुन्हा डोळा लावला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, ‘दाब कमी झाला, सर.’