युरोपच्या सरकारी कर्जाचा नकाशा (२००८ च्या संकटानंतरचा)

२००८ च्या आर्थिक संकटानंतर युरोपातल्या कुठल्या सरकारवर किती कर्ज चढलं ते एका नजरेत दिसावं म्हणून जे नकाशे सगळीकडे छापून यायला लागले, ते हे. शाळेच्या भूगोलात क्षेत्रघनी नकाशा शिकवतात तोच प्रकार, आकडा मोठा तसा रंग गडद. आकडा म्हणजे सरकारच्या डोक्यावरचं एकूण कर्ज भागिले देशाचा जीडीपी (वर्षभरातलं एकूण उत्पादन), टक्क्यांमध्ये. डेटा बहुतेक वेळा युरोस्टॅटचा, म्हणजे लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचा असतो. प्रत्येक सदस्य देश वर्षातून दोनदा आपले आकडे पाठवतो, युरोस्टॅट ते तपासून एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये जाहीर करतं, आणि केंद्र, राज्यं, नगरपालिका, सामाजिक सुरक्षा असं सगळं एकाच व्याख्येत धरलेलं असल्यामुळे देशांची तुलना तरी करता येते.

रंग कुठे बदलायचा हे ठरवणारी मोठी रेघ ६० टक्क्यांची. युरोपीय संघाच्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात कर्ज ६० आणि वार्षिक तूट ३ टक्क्यांच्या आत ठेवायचं ठरलं होतं, त्यामुळे ६० च्या पुढे गेलं की लाल छटा सुरू. यात एक गडबड होते, वरचा शेवटचा गट "९० पेक्षा जास्त" असा उघडा सोडला की ९५ वाला आणि १७५ वाला देश सारखेच लाल दिसतात.

आता २००७ आणि २०१४ चे नकाशे शेजारी शेजारी ठेवून बघा, खरी गोष्ट तिथे आहे. २००७ ला आयर्लंड २५ टक्क्यांच्या आसपास, स्पेन ३६ च्या आसपास, दोघंही जर्मनीपेक्षा फिकट! म्हणजे नियमाच्या हिशोबाने हे हुशार विद्यार्थी. पण घरांच्या किमती फुगलेल्या, बँकांनी बिल्डरांना आणि घर घेणाऱ्यांना वारेमाप कर्जं दिलेली, आणि ती खाजगी कर्जं सरकारी कर्जाच्या नकाशात येतच नाहीत. सप्टेंबर २००८ मध्ये आयर्लंडच्या सरकारने बँकांची हमी घेतली, मग त्यांचा तोटा सरकारच्या वहीत आला, २०१० ची तूट जीडीपीच्या सुमारे ३२ टक्के झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ८५ अब्ज युरोचं बेलआउट, म्हणजे बुडू नये म्हणून बाहेरून दिलेलं मदतीचं कर्ज, घ्यावं लागलं. २०१४ पर्यंत आयर्लंड आणि स्पेन दोघंही १०० च्या आसपास. इटली तर आधीपासूनच १०० च्या वर होता, तो १३० च्या पुढे गेला. उलट एस्टोनिया २०१० मध्येही १० टक्क्यांच्या खाली. नुसता २०१४ चा नकाशा बघून "दक्षिणेकडचे लोक उधळे" म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे, आणि त्या काळात ते फार बोललं गेलं.

ग्रीसचं प्रकरण वेगळं. तिथे सरकारचाच खर्च जास्त होता आणि आकडेही चुकीचे दिले जात होते. ऑक्टोबर २००९ मध्ये पापांद्रेऊंचं सरकार आलं आणि तूट आधी सांगितलेल्यापेक्षा कितीतरी जास्त, १२ टक्क्यांच्या वर असल्याचं बाहेर आलं, शेवटी ती १५ च्या वर ठरली. हा शेवटचा आकडा नक्की करणारे सांख्यिकी प्रमुख आंद्रेआस जॉर्जिऊ यांच्यावर ग्रीसमध्ये वर्षानुवर्षं खटले चालले, युरोस्टॅटने त्यांचे आकडे मान्य केलेले असूनसुद्धा, हे वाचून आजही वाईट वाटतं.

मे २०१० मध्ये ११० अब्जांचं पहिलं बेलआउट, मार्च २०१२ मध्ये ग्रीक सरकारचे बाँड (कर्जरोखे) घेतलेल्या खाजगी धारकांच्या मूळ रकमेत ५३.५ टक्क्यांची कपात. तरी २०१३ ला ग्रीस परत १७५ च्या पुढे, कारण काटकसर आणि मंदीत जीडीपीच जवळपास पाव भागाने आकसला. कर्ज वाढलं नाही तरी भागाकार वाढतो. आणि या कपातीचा फटका सायप्रसच्या बँकांना बसला, त्यांच्याकडे ग्रीक बाँड भरपूर होते, २०१३ मध्ये त्या देशालाही बेलआउट लागलं. कोणाचं कर्ज कोणाकडे आहे हे रंगांच्या नकाशात दिसत नाही, त्यासाठी देशादेशांमधले बाण दाखवणारा नकाशा लागतो.

टक्क्यांऐवजी नुसती युरोमधली रक्कम दाखवली तर चित्र उलटं होतं, जर्मनी २ लाख कोटी युरोच्या वर म्हणून गडद, आणि ग्रीस फिका. व्याजदरांचा नकाशा सोबत असला तर जास्त समजतं. २०१२ च्या जुलैमध्ये स्पेनला दहा वर्षांच्या कर्जाला ७ टक्क्यांच्या वर द्यावे लागत होते, जीडीपीच्या हिशोबाने ब्रिटनचं कर्ज तेव्हा जवळपास स्पेनएवढंच होतं पण स्वतःचं चलन, स्वतःची मध्यवर्ती बँक, त्यामुळे व्याज अगदी कमी. २६ जुलैला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी युरो वाचवायला लागेल ते करू असं जाहीर केलं आणि स्पेन-इटलीचे दर उतरायला लागले, कर्जाच्या नकाशात मात्र त्या दिवसाची काहीच खूण नाही.

आयर्लंड पुढे २०१५ मध्ये एका वर्षात १०० च्या वरून ८० च्या खाली आला. कर्ज फेडून नाही, तर मोठ्या परदेशी कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली म्हणून जीडीपी एका वर्षात सुमारे २६ टक्के वाढला. म्हणून २०१७ पासून आयर्लंडचं स्वतःचं सांख्यिकी कार्यालय या कंपन्यांचा फुगवटा वगळून वेगळं राष्ट्रीय उत्पन्न काढतं, आणि त्याने भागलं की आयर्लंडची छटा बरीच गडद होते.